शेवटच्या सुरावरची कमान

दुपारचे अडीच वाजले आहेत. जेवण आटोपून एस्तेरबाई वाघचौरे पुढच्या खोलीत टेबलाशी बसल्या आहेत. आज झोपायचं नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं आहे. पण नगरची वैशाखातली दुपार कुणाचं ऐकते? कूलर घरघरतोय, खिडकीवरचा ओला पडदा फुगतोय आणि बसतोय, आणि बाईंच्या हातातलं भिंग हळूहळू कागदाकडे झुकत चाललंय.

कागद देवदान रणभिसे सरांच्या हातचा आहे. सर मिशनच्या आवारातल्या शाळेत संगीत शिकवायचे. मुलांच्या बोटांना जमतील असे पियानोचे बारा तुकडे त्यांनी रचले होते. नावंही मुलांना आवडतील अशी: ‘खारूताई’, ‘सायकलची घंटा’, ‘भाकरी फुगली’. सरांना जाऊन एकतीस वर्षं झाली. तुकडे मात्र अजून वाजतात, कारण सरांची विद्यार्थिनी एस्तेर मोठी होऊन एस्तेरबाई झाली आणि चाळीसेक वर्षं ती ते दर शनिवारी आपल्या घरी मुलांना शिकवत आली. स्वतः नऊ वर्षांची असताना तिनं एका वहीत ते उतरवून ठेवले होते. सगळी मुलं त्या वहीवरून शिकली. सरांचा मूळ कागद कुणी पाहिलेलाच नव्हता.

मागच्या आठवड्यात तो आला. सरांच्या भाचीला श्रीरामपूरच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत ही बारा पानं सापडली. जुन्या विद्यार्थ्यांनी लगेच ठरवलं, सरांचं पुस्तक छापायचं. स्वच्छ प्रत काढायचं काम अर्थातच बाईंकडे. उद्या सकाळी ती छापखान्यात द्यायची आहे. अकरा तुकडे झाले. बाराव्याचीही एकच ओळ राहिली आहे, आणि त्या ओळीत एकच जागा कोरी आहे. चार दिवस झाले, ती कोरीच आहे.

बाराव्या तुकड्याचं नाव ‘टांगा घरी निघाला’. त्याच्या शेवटच्या ओळीवर सरांनी एक कमान काढली आहे. कमान म्हणजे सुरांच्या डोक्यावरून ओढलेली वाकडी रेघ. इंग्रजी पुस्तकं तिला स्लर म्हणतात, पण सर कमानच म्हणायचे. कमानीखालचे सूर एका दमात वाजवायचे, हात उचलायचा नाही. कमान संपली की हात वर, जसा आपण श्वास घेतो तसा, आणि मग पुढचा सूर नव्याने. एवढा साधा नियम. पण ही कमान साधी नाही. शेवटच्या आधीच्या सुरापर्यंत ती ठळक येते. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी फट आहे. आणि फटीनंतर, शेवटच्या सुरावर, अगदी फिकट असा एक तुकडा. तो कमानीचाच असेल तर शेवटचा सूर न थांबता वाजवायचा. तो नुसता डाग असेल, घडी असेल, तर कमान आधीच संपली. हात उचलायचा, थांबायचं आणि मग शेवटचा सूर.

बाईंच्या वहीत हात उचलायचा आहे. आणि बाईंनी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं आहे, “टांगा फाटकाशी थांबला रे थांबला, की मग आपण खाली उडी मारायची. आधी थांबा, मग उडी.” मुलांना ते फार आवडतं. मुलं उडी मारल्यासारखा शेवटचा सूर वाजवतात.

नऊ वर्षांची शर्वाणी ढवळे मात्र थांबायची नाही. ती सरळ शेवटच्या सुरावर जाऊन विसावायची. 

“अगं, फाटक आलं ना? थांब की!”

“पण बाई, माझ्या आजोबांचे बैल घर दिसलं की थांबतच नाहीत. उलट पळतात.”

सगळी मुलं हसली. बाईही हसल्या. पण मग मुलांच्या कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी, आईवडील बसलेले असताना, शर्वाणीनं पुन्हा तेच केलं. बाईंनी तिला एकदा थांबवलं, दोनदा थांबवलं, तीनदा थांबवलं. चौथ्या वेळी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पट्ट्यांवरून वर उचललं. “सरांनी असंच लिहिलंय,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण चाळीस वर्षांत त्यांनी कुणा मुलाचा हात असा उचलला नव्हता.  शर्वाणीनं वही मिटली, आईजवळ जाऊन बसली, आणि त्यानंतर तीन शनिवार ती आली नाही. आई फोनवर म्हणाली, “नको म्हणते हो बाई. आता स्केटिंग लावलंय.” 

म्हणून ही फट नुसती एका रेघेतली नाही. सरांनी असं लिहिलंच नसेल, तर ते मनगट बाईंनी कशासाठी उचललं?

भिंग कागदावर टेकतं. भिंगाखाली कमान मोठी होते, आणखी मोठी होते, पापणीएवढी होते. मग ती मिटते.

“चष्मा कुठे टाकलास, एस्तू?”

मुलं वाट बघत बसतात त्या बाकावर देवदान सर बसले आहेत. कोपरांना ठिगळं लावलेला तोच तपकिरी कोट. पँटच्या पायाला सायकलची क्लिप. बाईंना नवल असं वाटत नाही. त्यांना एवढीच चिंता पडते की पियानोच्या पायांखालच्या वाट्यांत आज पाणी घातलेलं नाही, मुंग्या चढतील, आणि सर ते बघतील.

“नाकावरच आहे, सर.”

“मग दिसत कसं नाही?”

“तुमची कमान दिसत नाही. ती इथे तुटलीय का?”

“बघू,” सर म्हणतात, आणि कागदाकडे न बघता पियानोखाली वाकतात. “हे काय! वाट्या कोरड्या ठणठणीत.”

“घालते ना, सर. आत्ता घालते.”

बाई तांब्या आणतात. पहिल्या वाटीत पाणी ओततात, ती भरते, पण तांब्या रिकामा होत नाही. पाणी वाटीवरून फरशीवर येतं, फरशीवरून उंबऱ्याकडे जातं. सर पाय वर घेत नाहीत. ते पाण्यातून चप्‌चप् चालत निघतात, आणि बाई पदर खोचून त्यांच्या मागे.

उंबऱ्याबाहेर कासाराचं दुकान आहे. मखमलीवर बांगड्या मांडल्या आहेत, पण एकही पुरी नाही. सगळ्या अर्ध्या. हिरव्या, लाल, पिवळ्या, अर्ध्या अर्ध्या बांगड्या, पालथ्या घातलेल्या.

“कमानी कशा दिल्या?” सर विचारतात.

“कोणासाठी पाहिजे?” कासार विचारतो.

“हिच्यासाठी.”

कासार बाईंचा हात ओढून घेतो, बोटं एकत्र दाबतो आणि कपाळाला आठ्या घालतो. “मास्तर, हा हात पोरीचा आहे की आजीचा? माप लागत नाही.”

“दोन्ही धर,” सर म्हणतात.

“तसं कसं? पोरीला मोठी दिली तर गळून पडंल, आजीला छोटी दिली तर हात सोलंल. एक काय ते सांगा.”

“मलाही तेच विचारायचंय,” बाई घाईघाईनं म्हणतात. “एक काय ते सांगा, सर. उद्या छापायला द्यायचंय. चारशे प्रती निघणार आहेत. पोरं तेच खरं मानतील.”

सर एक हिरवी कमान उचलून उजेडात धरतात. “तू केलंस काय इतकी वर्षं?”

“थांबवलं. सगळ्यांना थांबवलं.”

“आणि पोरं थांबली?”

“एक नाही थांबली.”

“अरे वा,” सर म्हणतात. “कोणाची ती?”

“ढवळ्यांची. सर, हसू नका. मी तिचा हात धरला.”

सर हसायचे थांबतात. कमान मखमलीवर परत ठेवतात, अगदी हळू, जणू कुणाची तरी झोप मोडेल. “चल,” ते म्हणतात. “टांगा उभा आहे.”

टांगा खरंच उभा आहे, पण रस्त्यावर नाही. शाळेच्या लांब व्हरांड्यात. दोन्हीकडे वर्गांची दारं आहेत आणि दारांतून पाढे ऐकू येतात. टांग्यात मागच्या सीटवर पियानो आहे. कुणी चढवला असेल, असा प्रश्न बाईंना पडत नाही. त्या पियानोशी बसतात, सर पुढे लगाम घेऊन बसतात. व्हरांडा चालू लागतो.

“वाजव.”

बाई ‘टांगा घरी निघाला’ वाजवू लागतात. डाव्या हातात घोड्याच्या टापा, उजव्या हातात घंटा. वर्गांची दारं मागे जातात. पाढे जातात. बाभळी येतात, एक विहीर येते, विहिरीवर कपडे धुणारी बाई मान वर करून म्हणते, “एस्तेर, घरी चाललीस व्हय?” आणि लांबवर फाटक दिसतं. फाटक दिसताच घोडा मान खाली घालून पळत सुटतो.

“थांबव त्याला, सर! फाटक आलं!”

“मी कशाला थांबवू? त्याचं घर आहे.”

बाईंचा उजवा हात पट्ट्यांवरून आपोआप वर उठतो. शेवटच्या आधीचा सूर झाला, शेवटचा राहिला. आणि हात वर उठल्याबरोबर सगळंच थांबतं. घोडा एक पाय उचललेला तसाच उभा. धूळ हवेत. विहिरीवरच्या बाईच्या हातातलं धोतर पिळलेलं, थेंब सुटलेला आणि पडलेला नाही.

“हं,” सर म्हणतात. “हे तुझं. आता हे आलं कुठून, ते बघू.”

ते टांग्यातून उतरतात ते थेट शाळेच्या हॉलमध्ये.

हॉलमध्ये दुसरे एक देवदान सर आहेत, काळ्या केसांचे. ते पियानोच्या बाजूला स्टुलावर बसले आहेत, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. त्यांच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका आहे, कारण पेन्सिलीचं टोक जिभेला लावून मग लिहायची त्यांची जुनी खोड. पियानोशी एक मुलगी बसली आहे. तेल लावून चप्प केलेले केस, लाल रिबिनी, पाय जमिनीला पोचत नाहीत. 

“ही मी,” बाई म्हणतात.

“मग कोण असणार? बोलू नकोस आता. लिहितोय मी.”

मुलगी वाजवू लागते. आणि बाई बघतात, काळ्या केसांच्या सरांची नजर कागदावर नाहीच. ती मुलीच्या हातावर आहे. सूर आधीच लिहून झाले आहेत. आता फक्त कमानी राहिल्या आहेत. मुलीचा हात चालतो तशी पेन्सिल कागदावर चालते. हात विसावला की पेन्सिल विसावते. हात उठला की पेन्सिल उठते. 

“असं लिहायचात तुम्ही?” बाई कुजबुजतात. “पोर वाजवत असताना?”

“मग कमान काय घरी बसून काढतात? वाजवणाऱ्याचा दम कुठे पुरतो, ते घरी कसं कळणार? प्रत्येक तुकडा एकेका पोराच्या हाताखालून काढलाय. ‘खारूताई’ शांतवनच्या. त्याची करंगळी आखूड होती, म्हणून तिथे कमानी एवढ्या लहान लहान.”

“आणि मी म्हणत आले की खार उड्या मारते म्हणून!”

“तेही चांगलंय,” सर म्हणतात. “मला सुचलं नव्हतं.”

मुलगी शेवटच्या ओळीवर आली आहे. पेन्सिल तिच्याबरोबर वर चढते, वळते, खाली येऊ लागते. शेवटच्या आधीचा सूर वाजतो. आणि मुलीचा हात पट्ट्यांवरून उठतो तो सरळ तोंडावर जातो.

ती खोकते. एकदा, दोनदा, मग न थांबता, कोंबड्यानं आरवावं तशी हुप् करून श्वास ओढत. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. काळ्या केसांचे सर पेन्सिल हवेत धरून थांबले आहेत.  घाई करत नाहीत. खोकला ओसरतो, मुलगी फ्रॉकच्या बाहीला तोंड पुसते आणि एका बोटानं, अगदी हळू, राहिलेला सूर वाजवते. सरांची पेन्सिलही तशीच हळू खाली येते आणि जेमतेम कागदाला लागते.

“डांग्या खोकला,” बाई म्हणतात. त्यांना अंगावर घेतलेल्या गोधडीचा वास येतो, अडुळशाच्या काढ्याची कडू चव येते. “त्याच दिवशी मला घरी पाठवलं. चाळीस दिवस कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. मी सगळे तुकडे आठवून आठवून वहीत लिहिले.”

“आठवून लिहिलेस, म्हणून तर खोकल्यासकट लिहिलेस.”

 “म्हणजे हात उचलायचा नव्हताच? चाळीस वर्षं, सर! किती पोरं असतील! सगळ्यांना मी माझा खोकला शिकवला?”

“बरा होता खोकला. तालात होता.”

“चेष्टा करू नका. मी बरी होऊन आले तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?”

“सांगणारच होतो. तू आलीस, बसलीस, वाजवलंस. खोकला गेलेला, तरी तिथे हात उचललास. टांगा थांबला, मग तू उडी मारलीस. मी म्हटलं, हे हिचं आहे. राहू दे.” सर कोटाच्या खिशात काहीतरी शोधतात, सापडत नाही, पुन्हा शोधतात. “मी तुझं तुला राहू दिलं, एस्तू. तू ते माझं म्हणून पोरांना दिलंस. एवढंच झालं.”

ते रागावून बोलत नाहीत. म्हणूनच बाईंना ते जास्त लागतं. 

पियानोशी बसलेली मुलगी मागे वळते. खोकून तिचे डोळे अजून ओले आहेत. “आजी,” ती बाईंना विचारते, “माझं चुकलं?”

बाई तिच्याजवळ जातात. शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकला असेल, आणि त्यांच्याजवळ त्याची शंभर उत्तरं आहेत.  ती सगळी बाजूला ठेवून त्या मुलीच्या सुटलेल्या रिबिनीची गाठ मारतात.

“नाही गं. तुला खोकला आला होता.”

“मग कोणाचं चुकलं?”

“माझं,” बाई म्हणतात. “एका मुलीच्या बाबतीत.”

“मग तिला सांग ना,” मुलगी म्हणते, जणू हे काय मोठं, आणि स्टुलावरून उडी मारून दारातून पळून जाते. दाराबाहेर ऊन आहे, इतकं की ती त्यात लगेच दिसेनाशी होते. काळ्या केसांचे सरही दिसत नाहीत. पुठ्ठा स्टुलावर आहे.

आता हॉल बाईंच्या पुढच्या खोलीएवढा झाला आहे. कोपऱ्यात कूलरही आहे.

“छापू काय मग?” बाई विचारतात.

“मला कशाला विचारतेस? मला काही पोस्ट येत नाही आता तिकडे.” सर बाकावर बसतात, क्लिप काढून पँटचा पाय मोकळा करतात. “त्या ढवळ्यांच्या पोरीनं कसं वाजवलं ते सांग. इतका वेळ तिच्याचसाठी थांबलोय.”

“ती थांबत नाही. सरळ जाते.”

“सांगू नको. वाजव.”

बाई बसतात. शेवटची ओळ घेतात. शेवटच्या आधीच्या सुराशी हात वर उठतो.

“परत.”

पुन्हा उठतो.

“सर, नाही जमत. सत्तावन्न वर्षांची सवय आहे.”

“परत. घाई नाही कुणाला.”

तिसऱ्यांदा हात उठू लागतो तेव्हा सर जवळ येऊन उभे असतात. ते बाईंच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा टेकतात. दाबत नाहीत. उन्हात वाळत टाकलेला कागद उडू नये म्हणून त्यावर बोट ठेवावं, तेवढंच. अंगठा गार आहे आणि किंचित ओला. हात वर येऊ बघतो, अंगठ्याशी येऊन जरा घुटमळतो, आणि मग जिथे होता तिथूनच पुढे सरकतो, पुढच्या पट्टीवर, शेवटच्या.

सूर लागतो. उडी नाही, धक्का नाही. आधीचा सूर आणि हा सूर यांच्यामध्ये काहीच नाही, जसं घरात शिरताना पाऊल कधी आत पडलं ते कळत नाही. बाईंनी हा सूर हजारो वेळा ऐकला आहे आणि असा फक्त शर्वाणीकडून ऐकला होता, शेवटचा तीन आठवड्यांपूर्वी. तेव्हा त्यांनी तो अर्ध्यात तोडला होता.

“अस्सं,” सर म्हणतात. “छान वाजवते हो ती.”

“सर...”

“कूलरमधलं पाणी संपलंय बघ,” सर म्हणतात.

कूलरमधलं पाणी संपलं आहे. तो कोरडा खडखडतोय आणि खोलीत गरम वारा फेकतोय. बाई डोळे उघडतात. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. भिंग गालाखाली, चष्मा कपाळावर. बाकावर कुणी नाही. उजवा हात कागदावर पालथा पडलाय, मनगटापर्यंत घामानं भिजलेला.

“अगं बाई, कागद!” त्या दचकून हात उचलतात.

कागद बरा आहे. फक्त शेवटच्या ओळीपाशी ओल धरली आहे आणि तिथली करडी रेघ जांभळी होऊन उठली आहे. सरांची पेन्सिलच तशी होती. कोरडी करडी, ओली जांभळी. जांभळ्या रंगात ठळक कमान आणखी ठळक झाली आहे. शेवटच्या सुरावरचा फिकट तुकडाही जांभळा झाला आहे, म्हणजे तो डाग नाही, घडी नाही, सरांचाच आहे. आणि मधली फट? बाई भिंग लावून बघतात. फट आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, होती तशी.

बाई लेखणी घेतात आणि स्वच्छ प्रतीतली कोरी जागा भरून टाकतात. ठळक कमान, फट, फिकट कमान. जशी आहे तशी. एक मिनिटही लागत नाही. खाली बारीक अक्षरात लिहितात, “इथे वाजवणाऱ्याने आपल्या दमाप्रमाणे.” मग फोन उचलतात.

“शर्वाणीच्या आई का? मी एस्तेरबाई. शर्वाणी आहे घरात?”

“आहे हो बाई, पण निघालीच आहे. साडेचारला स्केटिंग असतं ना. बूट घालतेय. थांबवू का तिला?”

“हो, दोन मिनिटं...” बाई म्हणतात, आणि लगेच, “नको, नको. थांबवू नका. जाऊ दे तिला. मीच तिकडे मैदानावर येते.”

“अहो, या उन्हात? काही काम होतं का? मी सांगते ना तिला.”

“नाही, ते मलाच सांगायला पाहिजे. तिनं बरोबर वाजवलं होतं.”

 पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज, आणि बारीक, सावध आवाजात, “कुठलं, बाई? टांग्याचं?”

“टांग्याचं.”

“मी म्हटलं होतं ना.”

“म्हटलं होतंस. आजोबांच्या बैलांचं नीट ऐकायला हवं होतं मी. आणि तुझा हात धरला ना, ते तर चुकलंच माझं. येऊ का मैदानावर?”

“या. पण मला अजून ब्रेक मारता येत नाही हं,” शर्वाणी म्हणते.

बाई हसत मोरीत जातात. तोंडावर पाणी मारायला हात पुढे करतात आणि तसाच मागे घेतात. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरांच्या निळ्या रेघांवर, जांभळी कमान उमटली आहे. उलटी, आरशात दिसावी तशी. दोन्ही टोकं कागदावरच्यासारखीच आहेत. पण मनगटावर मधे फट नाही. जिथे फट असायला हवी तिथे घामानं रंग पसरलाय, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्यात बारीक बारीक वळ्या दिसतात. आपल्या कातडीच्या असतील, बाई म्हणतात. उजेडात धरून बघतात. असतीलही.

मग त्या डाव्या हातानंच तोंड धुतात, डाव्या हातानंच छत्री घेतात, आणि उजवा हात पदराला लागणार नाही असा जरा दूर धरून उन्हात बाहेर पडतात.